शिरेवर शीर : अर्धमुख-आक्षेपाच्या नावांचा व उपचारांचा इतिहास

पोटरीत गोळा आला म्हणजे 'शिरेवर शीर चढली' असे म्हणण्याचा प्रघात मराठी भाषकांत सर्वत्र आहे. शारीरशास्त्राच्या कसोटीला हे वर्णन उतरत नाही; गोळा येतो तो स्नायूला, आणि त्या वेळी कोणतीही शीर दुसऱ्या शिरेवर चढलेली नसते. तथापि मानवी देहात एक स्थळ असे आहे की, जेथे हा वाक्प्रचार अक्षरशः खरा ठरतो. मस्तिष्क-स्तंभातून चेहऱ्याची चेता जेथे बाहेर पडते तेथे एखादी रोहिणी वळसा घेऊन तिच्यावर टेकते व नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तिला डिवचत राहते. परिणामी चेहऱ्याची एक बाजू आपोआप आकसू लागते. पाश्चात्त्य वैद्यकाला ही गोष्ट निश्चितपणे कळण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. या विकाराला येथे 'अर्धमुख-आक्षेप' असे म्हटले आहे. त्याला मराठीत रूढ असे एक नाव नाही, आणि या अभावाचा परिणाम केवळ कोशापुरता मर्यादित राहिलेला नाही.

विकाराचा आरंभ बहुधा डोळ्याखालच्या पापणीपासून होतो. पापणी क्षणभर फडफडते व थांबते. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, तीच फडफड गालावर उतरते, ओठाचा कोपरा वर ओढला जातो, डोळा मिटला जातो आणि पुष्कळदा हनुवटीखालचा मानेचा पातळ स्नायूही तिच्यात सामील होतो. वेदना नसते. झोपेतही आकसणे पूर्णपणे थांबत नाही. अमेरिकेतील एका परगण्याच्या पाहणीत (१९९०) दर लाख स्त्रियांमागे १४.५ व दर लाख पुरुषांमागे ७.४ असे याचे प्रमाण आढळले. म्हणजे हा विकार विरळ, जिवावर न बेतणारा आणि म्हणूनच दुर्लक्षित. परंतु ज्या स्त्रीचा डोळा भर बाजारात वारंवार मिटतो तिच्याविषयी पाहणाऱ्याचा समज काय होतो, हे सांगावयास नको. मराठीत डोळा 'मिचकावणे' आणि डोळा 'मारणे' ही क्रियापदे कर्त्याच्या हेतूवाचून उभीच राहत नाहीत. अशा भाषेत हेतूवाचून मिटणाऱ्या डोळ्याची कैफियत मांडणे सोपे नव्हे.

यवतमाळच्या पूर्वेस, वर्धा नदीच्या अलीकडे, कापसाच्या मुलखात वसलेले राळेगाव हे तालुक्याचे ठिकाण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. तेथे वऱ्हाडी व नागपुरी या बोली एकमेकींना भिडतात. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा हा 'डोया' असतो आणि तो 'फडफडते', कारण क्रियापदाचे हे रूप तेथे पुल्लिंगालाही चालते. पूर्वेकडे झाडीबोलीत शिरले की तोच 'डोरा' होतो. ग्रंथिक मराठीत डोळा 'लवतो'. या सर्व क्रियापदांत एक साम्य आहे. ती पापणीच्या क्षणिक हालचालीपुरती पुरतात. पापणीपासून हनुवटीपर्यंत अर्धा चेहरा ओढला जाणे ही एकच घटना आहे, हे त्यांपैकी एकाही क्रियापदाने व्यक्त होत नाही.

ते व्यक्त करण्याची वेळ आली की बोलणारा 'लकवा' या शब्दाचा आश्रय घेतो. 'लकवा' हा मूळ अरबी शब्द असून फार्सीच्या वाटेने तो दख्खनी, हिंदी व मराठी यांत आला. इ. स. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला व १८५३ पर्यंत तो त्याच्या अंमलाखाली राहिला. तेव्हा या भागात फार्सी-उर्दू शब्दांचा वावर अधिक असावा यात नवल नाही. लक्ष देण्याजोगी गोष्ट आहे ती अर्थाची. मूळ अरबी वैद्यकात 'लक्वा' म्हणजे अंगावरून वारे जाणे नव्हे. त्याचा अर्थ फक्त चेहरा वाकडा होणे एवढाच होता. दहाव्या शतकाच्या आरंभी रय येथील अल्‌-राझी याने चेहऱ्याच्या विकृतीचे जे विवेचन केले त्यात चेहरा लुळा पडल्यामुळे आलेला वाकडेपणा व चेहरा आकसल्यामुळे आलेला वाकडेपणा या दोहोंचा विचार आहे. पुढे इब्न सीनाच्या ग्रंथातही हा भेद येतो. मराठीपर्यंत येईतो या शब्दाची दोन स्थित्यंतरे झाली. एकीकडे तो चेहऱ्यावरून हातापायापर्यंत पसरला व सर्व प्रकारच्या पक्षाघाताचा वाचक झाला. दुसरीकडे त्यातील आकसण्याचा अर्धा अर्थ गळून पडला. आज 'लकवा मारला' म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात लुळेपणाच उभा राहतो. आक्षेपाच्या रोग्याचा चेहरा मात्र लुळा नसतो. तो गरजेपेक्षा अधिक जोराने काम करीत असतो. एकाच नावाखाली परस्परविरुद्ध दोन अवस्था आल्या म्हणजे उपचारही उलट दिशेने होण्याचा संभव असतो.

संस्कृत वैद्यकाची स्थिती याहून बरी होती, परंतु सर्वस्वी समाधानकारक नव्हती. सुश्रुताने निदानस्थानात 'अर्दित' वर्णिला आहे. मोठ्याने बोलणे, कठीण पदार्थ चावणे, जांभई, ओझे वाहणे इत्यादी कारणांनी वायू प्रकुपित होऊन मुखाचा अर्धा भाग वाकडा होतो, असे तेथे म्हटले आहे. आधुनिक वाचकाला त्यात मुख्यतः चेहऱ्याचा पक्षाघात दिसतो. चरकाने आक्षेपक-गटातील विकारांविषयी म्हटले आहे की वेग ओसरला म्हणजे रोग्याला स्वास्थ्य वाटते. ही खूण आकसणाऱ्या चेहऱ्याला अधिक लागू पडते. परंतु आपल्या विषयाच्या सर्वांत निकट येणारे वर्णन या दोहोंपैकी कोणतेही नसून, सुश्रुताच्या उत्तरतंत्रात पापण्यांच्या रोगांमध्ये आलेला 'निमेष' नावाचा रोग हे होय. वायू 'निमेषिणी' सिरांत शिरून पापण्यांना अतिशय हालवतो, असे त्याचे स्वरूप सांगितले आहे. निमेष हा सुश्रुताने असाध्य वातज नेत्ररोगांत मोजला आहे. पापणी हालविणारी एक विशिष्ट सिरा असते आणि रोगाचे मूळ पापणीत नसून त्या सिरेत असते, एवढे या ग्रंथकाराने ओळखले होते. आणि त्यावर उपाय नाही हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

याउलट लोकमानसाने त्याच फडफडीला रोग न मानता शकुन मानले. अशोकवनात सीतेचा डावा डोळा स्फुरतो व ते शुभ ठरते. दुष्यंताच्या दरबारात शकुंतलेचा उजवा डोळा स्फुरतो व ते अशुभ ठरते. पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा हा नियम मराठी घरांतून अद्यापि ठाऊक असतो. हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. तेव्हा ज्यांचा डावा डोळा प्रथम लवू लागला अशा किती जणींनी पहिले काही महिने शुभवार्तेची वाट पाहण्यात घालविले असतील, याची नोंद कोणत्याही रुग्णालयात सापडणार नाही.

येथे 'शीर' या शब्दाचा थोडा अधिक विचार करणे आवश्यक आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात सिरा सातशे, धमन्या चोवीस आणि स्नायू नऊशे असा हिशेब आहे. सातशे सिरांचे त्याने वाहून नेण्याच्या द्रव्यावरून चार वर्ग केले: वात वाहणाऱ्या अरुणा, पित्त वाहणाऱ्या नीला, कफ वाहणाऱ्या गौरी आणि रक्त वाहणाऱ्या रोहिणी. आधुनिक मराठी परिभाषेने या चारांपैकी दोन नावे उचलली. हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी व हृदयाकडे आणणारी ती नीला. गौरी मागे पडली. अरुणाही मागे पडली, आणि खरे पाहता चेतनेचे वहन करणाऱ्या तंतूंना हेच नाव सर्वांत जवळचे होते. त्यांच्यासाठी मराठीने एकामागून एक नवे शब्द घडविले. वर्तमानपत्रे 'मज्जातंतू' लिहितात, शालेय पुस्तकांत 'चेता' आली, आणि १९७६ पासून ज्याचे मुख्य खंड प्रसिद्ध होऊ लागले त्या मराठी विश्वकोशाने 'तंत्रिका' स्वीकारली. 'स्नायू'ची गत याहून मौजेची आहे. सुश्रुताच्या काळी तो सांधे व मांस बांधून ठेवणारा बंध होता. मराठीत तो मांसपेशी झाला, तर हिंदीत व बंगालीत चेता झाला. राळेगावातील सुशिक्षित मनुष्य नागपूरचे हिंदी दैनिकही वाचतो व मराठीही. 'स्नायू का रोग' आणि 'स्नायूंचा रोग' यांत एक आख्खी संस्था बदलते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. बोलीने मात्र या सर्व गोंधळातून आपली सुटका केव्हाच करून घेतली आहे. तिच्या दृष्टीने रक्त वाहणारी ती 'नस' आणि संवेदना वाहणारी तीही 'नस'.

या संदिग्धतेबद्दल केवळ बोलीला दोष देणे अन्यायाचे होईल. मुंबईत जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली १८२६ साली देशी वैद्यक शाळा निघाली व देशी भाषांतून वैद्यक शिकविण्याचा प्रयत्न झाला, तो १८३२ मध्ये शाळेबरोबर संपला. १८४५ च्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापनाची भाषा इंग्रजी होती. हा तुटलेला धागा काळाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. चेहऱ्याच्या चेतेचे कार्य युरोपात नुकतेच उलगडत होते, त्याच दशकात ही शाळा चालली होती.

तो उलगडा चार्ल्स बेल याच्या नावाशी निगडित आहे. १८२१ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात त्याने चेहऱ्याला जाणाऱ्या दोन चेतांची कामे भिन्न असल्याचे प्रतिपादन केले. सातवी चेता चेहरा हालविते, पाचवी त्याच्या संवेदना नेते. बेलच्या मांडणीतील काही दोष पुढे फ्रान्समध्ये माझाँदीने दुरुस्त केले. तत्पूर्वी चेहऱ्याच्या तीव्र कळांसाठी शस्त्रवैद्य कित्येकदा सातवी चेता कापीत. कळ तशीच राही व चेहरा मात्र कायमचा लुळा पडे. दोन 'नसा' एक मानल्याची किंमत युरोपातील रोग्यांनीही मोजली आहे.

आक्षेपाचे कारण दाखविणारा पहिला पुरावा शवविच्छेदनातून आला. १८७५ साली फ्रीड्रिश शुल्ट्झे याने एका छप्पन्न वर्षांच्या पुरुषाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या डाव्या कशेरुक-रोहिणीला चेरीच्या फळाएवढा फुगा आला होता व तो सातव्या चेतेवर दाबून बसला होता. पुरावा इतका स्पष्ट असूनही तो अपवाद म्हणून बाजूस राहिला. १८८८ च्या सुमारास गॉवर्सने विकाराचे लक्षणवर्णन केले; पुढे ब्रिसोने 'टिक' आणि 'आक्षेप' यांतील भेद मांडला. फ्रेंच वैद्यकात या वादाला फार महत्त्व होते. टिक ही मनातून उठणारी सवय, तिला रोगी थोडा वेळ का होईना आवर घालू शकतो, व पाहणारा तिची नक्कल करू शकतो. आक्षेप चेतेतून उठतो. १९०५ साली बाबिन्स्कीने या वादात एक साधे निरीक्षण आणून ठेवले. आक्षेपाने डोळा मिटताना त्याच बाजूची भुवई वर उचलली जाते. कोणत्याही मनुष्याने आरशासमोर बसून प्रयत्न करावा. एक डोळा घट्ट मिटीत त्याच क्षणी त्याच बाजूची भुवई उचलणे त्याला साधणार नाही. जे इच्छेने करताच येत नाही ते मनाचा खेळ कसे असेल? ही परीक्षा करावयास कोणतेही उपकरण लागत नाही. ती राळेगावच्या आठवडी बाजारातही करता येईल. असे असूनही विसाव्या शतकात जगभर अनेक रोग्यांना 'मनावर घेऊ नका' हाच सल्ला मिळत राहिला.

उपचाराच्या बाजूने दीर्घ काळ हात रिकामेच होते. चेतेत मद्यार्क टोचणे, तिचा काही भाग कापणे, अथवा ती कापून शेजारच्या चेतेशी जोडणे, हे उपाय आक्षेप थांबवीत, पण त्याची जागा लुळेपणाला देत. म्हणजे रोगाला लकवा नव्हे म्हणावयाचे आणि उपचाराने लकवाच आणावयाचा, असा हा प्रकार होता. विचार बदलला तो शतकाच्या मध्यास. वॉल्टर डँडी याने १९३० च्या दशकात पाचव्या चेतेच्या कळांच्या रोग्यांत चेतेला टेकलेल्या रोहिण्या पाहिल्या होत्या. १९४७ मध्ये कँपबेल व कीडी यांनी चेहऱ्याच्या आक्षेपात तसाच संबंध नोंदविला. १९६२ मध्ये क्लीव्हलँडच्या जेम्स गार्डनरने आपल्या सहकाऱ्यासह प्रतिपादन केले की ही अवस्था उलटविता येण्याजोगी आहे. दाब काढला की चेता पूर्ववत होते. चेता कापण्याऐवजी तिला मोकळी करावी, हा विचार येथे स्पष्ट शब्दांत आला.

पण मोकळी करावयाची तर प्रथम ती दिसली पाहिजे. मस्तिष्क-स्तंभाच्या काठाची ती जागा खोल, अंधारी व बोटभर रुंदीची. उघड्या डोळ्यांना तेथील केसासारखी रोहिणी व चेता यांचा संबंध उमगणे कठीण. हे काम शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाने केले. १९५७ साली लॉस एंजलिस येथे थिओडोर कुर्झे याने मेंदूच्या शस्त्रक्रियेत त्याचा प्रथम उपयोग केला, आणि योगायोग असा की एका पाच वर्षांच्या मुलाच्या सातव्या चेतेवरचीच गाठ त्या वेळी काढावयाची होती. त्याच शहरात १९६० च्या दशकात प्रशिक्षण घेत असलेल्या पीटर जॅनेटा याने सूक्ष्मदर्शकाखाली चेतांना टेकलेल्या रोहिण्या पाहिल्या व तो त्या मागाने निघाला. सातवी चेता मस्तिष्क-स्तंभातून निघते त्या अगदी मुळाशी तिचे आवरण एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलते. तेथे ती सर्वांत हळवी असते, आणि रोहिणी तेथेच टेकते. ही रोहिणी बहुधा निमस्तिष्काकडे जाणारी एखादी शाखा असते. ती कापावयाची नसते, कारण तिच्यावर मस्तिष्क-स्तंभाचे पोषण अवलंबून असते. ती अलगद उचलून चेता व रोहिणी यांच्यामध्ये टेफ्लॉनच्या तंतूंचा लहानसा बोळा ठेवला जातो. समव्यवसायी बराच काळ साशंक होते. १९७७ मध्ये जॅनेटा व सहकारी यांनी सत्तेचाळीस रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १९९५ मध्ये ७०३ रोग्यांचा. त्यात दहा वर्षांनंतर ८४ टक्के रोग्यांना उत्तम व ७ टक्क्यांना अंशतः गुण राहिल्याचे दिसते. २.६ टक्के रोग्यांचा त्या बाजूचा कान मात्र कायमचा गेला, कारण श्रवणाची आठवी चेता सातवीला अगदी लगटून जाते. यामुळेच पुढे शस्त्रक्रिया चालू असताना श्रवणचेतेचे विद्युत्‌संदेश सतत तपासण्याची पद्धत रूढ झाली.

दरम्यान एक दुसरा मार्गही खुला झाला होता. ॲलन स्कॉट याने तिरळेपणासाठी वापरात आणलेले बोट्युलिनम विष १९८९ मध्ये अमेरिकेत पापण्यांच्या व चेहऱ्याच्या आक्षेपासाठीही मान्य झाले. सुईने स्नायूत टोचले की तो तीनचार महिने सैल पडतो. नंतर पुन्हा टोचावे लागते. यात छेद नाही, पण मूळ कारणाला स्पर्शही नाही.

भारतात चेताशल्याची परंपरा स्वातंत्र्यानंतरची आहे. वेल्लोर येथे जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये तिचा पाया घातला, मद्रासला १९५० मध्ये बी. राममूर्ती आले, मुंबईत राम गिंडे व होमी दस्तुर हे या क्षेत्राचे आद्य शल्यज्ञ होत; १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. विदर्भात नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, सेवाग्रामचे १९६९ चे व यवतमाळचे १९८९ चे. राळेगाव या तिघांच्या मध्ये पडते. अंतर फार नाही. परंतु डोळा 'लवतो' म्हणणारा रोगी प्रथम डोळ्यांच्या वैद्याकडे जातो, 'लकवा' म्हणणारा मालिशवाल्याकडे, आणि ज्याला 'मनावर घेऊ नका' म्हटले गेले तो कोणाकडेच जात नाही. चेताशल्यज्ञाकडे पोचविणारे नाव या तिन्हींत नाही.

पोचल्यावर दुसरी अडचण उभी राहते. कानामागे नाण्याएवढे छिद्र पाडून होणाऱ्या या शस्त्रक्रियेला वर्तमानपत्री मराठीत 'दुर्बिणीची शस्त्रक्रिया' म्हणतात. दुर्बीण म्हणजे फार्सीत दूरचे पाहणारी; ती येथे बोटभर अंतरावरचे पाहते, हा विनोद सोडून देता येईल. पण हा एकच शब्द बाहेर उभ्या असलेल्या सूक्ष्मदर्शकाला व छिद्रातून आत जाऊन कोपऱ्यामागचे दाखविणाऱ्या अंतर्दर्शकाला सरसकट लावला जातो. दुर्बिणीची म्हणजे पित्ताशयासारखी, टाके दोन-तीन व धोका नाममात्र, असा समज त्याच्यामागून येतो. छेद लहान झाला हे खरे. पूर्वी कवटीचा मागचा भाग मोठा उघडून जे करीत ते आज लहान वाटेने होते, रक्तस्राव कमी व मुक्काम थोडा. परंतु वाट लहान झाली म्हणून ती जेथे पोचते ते स्थळ लहान झालेले नाही. कवटी उघडली जाते, निमस्तिष्क बाजूला सारला जातो, आणि हात चालतो तो मस्तिष्क-स्तंभाला खेटून. संमतीपत्रावर अंगठा किंवा सही करणाऱ्याला 'दुर्बीण' या शब्दातून यांपैकी काहीही कळत नाही. 'कानामागून कवटीला छिद्र पाडून' एवढे साधे मराठी वाक्य त्याला पुरेसे होईल.

अशा वेळी रोग्याला विकार समजावून सांगणाऱ्यापुढे परिभाषेचे दोन मार्ग असतात. एक 'सातव्या तंत्रिकेच्या निर्गमस्थानी रोहिणीचा दाब' हा. दुसरा 'शिरेवर शीर चढली आहे' हा. दुसरा वऱ्हाडात आणि महाराष्ट्रात कोठेही तत्काळ समजतो, व या एका विकारापुरता तो अचूकही आहे. मात्र त्यातील पहिली शीर ठोके देणारी व दुसरी चेहरा हालविणारी, एवढे दोन शब्द त्याला जोडावे लागतात. आणि वरचीला हात लावून बाजूस करावयाची, कोणतीही तोडावयाची नाही, हे तिसरे.